व्होल्टेज खरं बोलतं का? शेतवस्तीवरची मोठी बॅटरी आणि इन्व्हर्टर-चार्जरची सेटिंग्ज

तत्त्वज्ञान शिकवणारा माणूस बॅटरीवर काय बोलणार, असं काहींना वाटलं असेल. आम्ही आयुष्यभर एकच प्रश्न शिकवला: आपल्याला एखादी गोष्ट कळली असं आपण कशाच्या आधारावर म्हणतो? प्रमाण कोणतं? इन्व्हर्टरसमोर बसलं की हाच प्रश्न पुढे येतो. बॅटरीच्या आत डोकावता येत नाही. बाहेर दिसतात ते दोन-तीन आकडे. त्यांवरून ती किती भरली आहे, कधी थांबवायची, हे ठरवायचं असतं. आणि ते यंत्र ठरवत नाही, आपण ठरवतो. सेटिंगमध्ये आपण जे लिहू ते यंत्र खरं मानतं.

ओझरला वीज आहे. पण ओझर म्हणजे नुसतं विघ्नहराचं देऊळ आणि भोवतीचं गावठाण नव्हे. कुकडीच्या काठाने, येडगाव धरणाच्या फुगवट्याच्या कडेने, उसाच्या शेतांमध्ये वस्त्या आहेत. कालव्यांचं पाणी आलं, ऊस वाढला, उसात बिबट्या राहू लागला. माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्र आहे हे तुम्हाला सांगायला नको. अशा वस्तीवर रात्री दोन वाजता अंगणातला दिवा जाणं म्हणजे नुसती गैरसोय नाही. गोठ्याकडे जायचं असतं, लहान मूल बाहेर उठतं. म्हणून काही कुटुंबांनी सौर पॅनेल, मोठी बॅटरी आणि इन्व्हर्टर-चार्जर बसवून लाइनवर अवलंबून राहणं सोडलं आहे. दोन-तीन लाखांची बॅटरी चुकीच्या सेटिंगमुळे दोन वर्षांत मेली, तर पैसे जातातच, आणि नेमका अंधारातच तिचा निकाल लागतो.

आधी हिशेब. समजा वस्तीवर दिवे, पंखे, फ्रिज, कॅमेरे आणि थोडा वेळ एक अश्वशक्तीची मोटर, मिळून सूर्यास्तापासून सकाळपर्यंत 5 युनिट लागतात. बॅटरी 48 व्होल्टची म्हणतात ती, 300 अँपिअर-अवर. लिथियम फॉस्फेटचे 16 सेल एकापुढे एक, प्रत्येकी 3.2 व्होल्ट, म्हणजे 51.2 व्होल्ट. 51.2 गुणिले 300, साधारण 15 युनिट. त्यातले 80 टक्के वापरायचे ठरवले तर 12 युनिट. म्हणजे दोन रात्री निघतात, तिसरी अर्धवट. श्रावणातल्या झडीत हे गणित आठवावं लागतं.

हेच काम लेड-ॲसिडच्या ट्यूब्युलर बॅटऱ्यांकडून घ्यायचं तर 12 व्होल्ट, 150 अँपिअर-अवरच्या 16 बॅटऱ्या लागतील. त्यांत कागदावर जवळपास 29 युनिट असतात, पण टिकवायच्या असतील तर निम्म्यावर थांबावं. चारचारच्या चार माळा समांतर जोडाव्या लागतात. एक माळ कमजोर झाली की बाकीच्या तीन तिला ओढत बसतात.

यंत्रातलं पहिलं सेटिंग बॅटरीचा प्रकार. गॅस्तों प्लांते यांनी 1859 मध्ये लेड-ॲसिड बॅटरी केली. लिथियम आयर्न फॉस्फेटचा शोधनिबंध 1997 चा, टेक्सास विद्यापीठातला. त्यात गुडइनफ यांच्याबरोबर पाढी आणि नंजुंडस्वामी ही आपल्याकडची नावं आहेत. दोघींचं रसायन वेगळं, पथ्य वेगळं. एकीचं पथ्य दुसरीला लावलं की आजार ठरलेला.

चार्जिंग तीन टप्प्यांत होतं. पिंप भरताना आपण काय करतो? आधी नळ पूर्ण सोडतो. काठाशी आलं की बारीक करतो. भरल्यावर गळेल तेवढंच थेंबथेंब. पहिला टप्पा बल्क, दुसरा ॲबसॉर्प्शन, तिसरा फ्लोट.

लेड-ॲसिडच्या 48 व्होल्टच्या बँकेत 24 सेल असतात. ॲबसॉर्प्शन साधारण 56.4 ते 58.8 व्होल्ट, फ्लोट 54 च्या आसपास. नेमका आकडा बनवणाऱ्याच्या पत्रकातून घ्यायचा. हे आकडे 25 अंश तापमानाचे असतात. उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये बॅटरी 40 अंशांवर गेली, तर दर अंशाला दर सेलमागे सुमारे 4 मिलिव्होल्ट कमी करावे लागतात. 24 सेल, 15 अंश, म्हणजे जवळपास 1.4 व्होल्ट. म्हणून तापमानाचा सेन्सर बॅटरीलाच चिकटवायचा, भिंतीला नाही. पाणी घालायच्या बॅटऱ्यांना अधूनमधून जास्त व्होल्टेजचा इक्वलायझेशन चार्ज देतात. त्या वेळी हायड्रोजन निघतो. खोली हवेशीर हवी, बिडी-काडी बाहेर.

लिथियम फॉस्फेटला 16 सेलमागे ॲबसॉर्प्शन 55.2 ते 56.8, फ्लोट 53.6 ते 54. इक्वलायझेशन बंद. तापमानाची भरपाई बंद, नाहीतर थंडीच्या पहाटे यंत्र आपणहून व्होल्टेज चढवेल. यंत्रात तयार ‘फ्लडेड’ नावाचा पर्याय असतो. तो लिथियमसाठी तसाच ठेवला, तर एखाद्या दिवशी इक्वलायझेशन सुरू होऊन 60 च्या वर व्होल्टेज जाऊ शकतं. तेव्हा ‘यूजर’ हा पर्याय निवडून आकडे स्वतः भरावेत.

आता मूळ प्रश्न. बॅटरी रिकामी झाली हे कशावरून म्हणायचं?

आपल्या नैयायिकांचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे. धूर तिथे अग्नी, ही व्याप्ती. पण उलटं म्हणून बघा: अग्नी आहे म्हणून धूर असेलच. हे टिकत नाही. लाल तापलेल्या लोखंडात अग्नी आहे, धूर नाही. धुराला ओलं इंधन लागतं. या लपलेल्या अटीला ते उपाधी म्हणतात. उपाधी विसरून केलेलं अनुमान फसतं.

‘व्होल्टेज कमी, म्हणून बॅटरी रिकामी’ या अनुमानातही उपाधी आहे. बॅटरी विश्रांतीत असली पाहिजे. लेड-ॲसिडची बँक दोन-चार तास निवांत असेल, तर 50.8 म्हणजे जवळपास भरलेली आणि 48.8 म्हणजे निम्मी, असं ढोबळ म्हणता येतं. पण मोटर सुरू झाली की तिचा सुरुवातीचा करंट नेहमीच्या पाच-सहा पट असतो. त्या क्षणी व्होल्टेज खाली बसतं. बॅटरी मात्र निम्मी भरलेली असते. यंत्राला हे कळत नाही. कटऑफ वर ठेवलेला असेल तर ते घर अंधारात टाकतं. म्हणून कटऑफला काही सेकंदांचा विलंब देता येत असेल तर द्यावा. लेड-ॲसिडला भाराखालचा कटऑफ 46 ते 47 ठेवतात तो याच कारणाने. विश्रांतीतला 48.8 हा आकडा तिथे लिहायचा नाही.

लिथियममध्ये अडचण वेगळी. 30 टक्के भरलेली असो की 80 टक्के, निवांत बँकेच्या व्होल्टेजमध्ये फरक जेमतेम एक व्होल्टचा. एकच खूण इतक्या वेगवेगळ्या स्थितींत दिसते. याला शास्त्रात सव्यभिचार हेतू म्हणतात. पडद्यावर चार दांड्या दिसतात त्या अशाच हेतूवरून काढलेल्या असतील, तर त्यांवर रात्र सोडू नये. लिथियमचं व्होल्टेज फक्त दोन टोकांना बोलतं: अगदी भरताना आणि अगदी संपताना.

मग मधल्या भागासाठी काय? शंट नावाचा मोजणारा तुकडा बसवतात. किती अँपिअर आत गेले, किती बाहेर आले, याची बेरीज-वजाबाकी तो करतो. ही झाली स्मृती. नैयायिक स्मृतीला प्रमेत धरत नाहीत, कारण ती आधीच्या अनुभवावर उभी असते. शंटचंही तसंच. बारीक चुका साठत जातात. बॅटरी पूर्ण भरली की तो स्वतःला 100 वर आणतो. पावसाळ्यात आठ-दहा दिवस ती पूर्ण भरलीच नाही, तर त्याचा आकडा भरकटतो. तेव्हा महिन्यातून एकदा तरी, गरज पडली तर जनरेटर लावून, बॅटरी पूर्ण भरू द्यावी.

तिसरं प्रमाण शब्द. लिथियमच्या पेटीत बीएमएस असतो, प्रत्येक सेलवर लक्ष ठेवणारा. तो केबलवरून इन्व्हर्टरला सांगतो: आता इतके अँपिअर दे, आता थांब. हे आप्तवाक्य. पण आप्ताचं बोलणं उपयोगी पडायला भाषा एक लागते. दोन्ही यंत्रांतला प्रोटोकॉल जुळला पाहिजे आणि केबलच्या पिनाही. जुळल्या नाहीत तर शेजारी बसून दोघं मुके. आणि केबल उंदराने कुरतडली तर? म्हणून संवाद चालू असला तरी हाताने भरायचे आकडे बरोबरच भरून ठेवावेत.

एका श्रोत्यांची चिठ्ठी आली आहे: ‘बीएमएस आपोआप तोडतोच, मग इन्व्हर्टरचा कटऑफ कशाला?’ चांगला प्रश्न. बीएमएस हा शेवटचा बांध आहे. रोज त्याच्यावर पाणी आदळू द्यायचं नसतं. त्याने भर उन्हात चार्जिंग चालू असताना बॅटरी अचानक तोडली, तर पॅनेलकडून येणाऱ्या वीजेला जागा राहत नाही, व्होल्टेज उसळतं आणि यंत्राला इजा होऊ शकते. म्हणून पायऱ्या ठेवायच्या. 50 ला इशारा, 48 ला इन्व्हर्टरने भार तोडायचा, बीएमएसचा आकडा त्याच्याही खाली. परत जोडायचा आकडा 52 च्या आसपास. तोडायचा आणि जोडायचा आकडा जवळजवळ ठेवला, तर भार गेला की व्होल्टेज वर येतं, लगेच जोडलं जातं, पुन्हा पडतं. रात्रभर फ्रिज चालू-बंद. फ्रिजचा कॉम्प्रेसर हे सहन करत नाही.

चार्जिंगचा करंट. लेड-ॲसिडला क्षमतेच्या दहाव्या हिश्शाचा नियम धरावा: 600 ला 60 अँपिअर. लिथियमला 300 मागे 60 ते 90 सहज चालतात, पत्रक सांगेल त्या मर्यादेत. पण देणारा कोण, हेही बघा. 5 केव्हीएचा जनरेटर 230 व्होल्टला जास्तीत जास्त 21-22 अँपिअर देतो. चार्जर 60 अँपिअरवर ठेवला तर तोच 3300 वॉट बॅटरीत घालतो, नुकसान धरून जनरेटरकडून साडेतीन हजारांच्या वर मागतो. त्यात घरचा भार आला की जनरेटर धापा टाकतो. यंत्रात एसी इनपुटची मर्यादा असेल तर 16 अँपिअर ठेवा. मग घराचा भार वाढला की यंत्र चार्जिंग कमी करतं. ही सोय नसेल तर एसीवरून चार्जिंगचा करंट 30 वर आणा. बॅटरी सावकाश भरेल, एवढंच.

लाइन जोडलेली असेल तर आणखी एक. फीडरच्या टोकाला व्होल्टेज 170 च्याही खाली जातं. इनपुटची मर्यादा कडक असेल तर यंत्र सारखं लाइनवरून बॅटरीवर आणि परत उड्या मारतं. अशा ठिकाणी ‘अप्लायन्स’ हा रुंद पर्याय बरा, पण त्या व्होल्टेजवर फ्रिजसुद्धा चालणार आहे हे ध्यानात ठेवा.

वायरमनला दोन गोष्टी विचारा. 5000 वॉट 48 व्होल्टवर काढायचे म्हणजे नुकसान धरून 115 अँपिअर. तेवढी जाड केबल आहे का? आणि बॅटरीच्या अगदी जवळ डीसीचा फ्यूज आहे का? डीसीची ठिणगी एसीसारखी आपोआप विझत नाही. जोडताना आधी बॅटरी, मग पॅनेल. काढताना उलट.

शेवटचं सेटिंग यंत्रात नसतं. पुणे जिल्ह्यातल्याच दरेवाडीत 2012 मध्ये ‘ग्राम ऊर्जा’ने बॉशच्या मदतीने 9.4 किलोवॉटचं सौर मायक्रोग्रिड उभं केलं, 39 घरांसाठी. बॅटरी सगळ्यांची मिळून, पण घरोघरी मीटर. कोणी किती वापरली हे आकड्यात दिसतं, त्यामुळे बोलता येतं. एका घरातही हेच लागतं. मोटर दुपारी, ऊन असताना. इस्त्रीही तेव्हाच. रात्र दिव्यांसाठी, फ्रिजसाठी आणि अंगणासाठी.

घरी गेल्यावर एवढं करा. यंत्राचा मेनू उघडा आणि नऊ गोष्टी कागदावर उतरवा: बॅटरीचा प्रकार, ॲबसॉर्प्शन, फ्लोट, इक्वलायझेशन चालू की बंद, चार्जिंग करंट, एसीची मर्यादा, इशारा, तोडायचा आकडा, जोडायचा आकडा. शेजारी बॅटरीच्या पत्रकातले आकडे लिहा. जिथे जुळत नाही तिथे बसवणाऱ्याला कारण विचारा. कारण देता आलं तर ठीक, ‘असंच असतं’ म्हणाला तर बदलून घ्या. बदल केला की तारीख घाला आणि तो कागद यंत्राशेजारी भिंतीला लावा. घरातल्या सगळ्यांना, म्हाताऱ्यांना आणि पोरांनाही, तो वाचता आला पाहिजे.

आता बाकीच्या चिठ्ठ्या घेऊ.