किडा दिसला की लगेच फवारणी? थांबा, तो तुमच्या झाडाचा राखणदार असू शकतो!

जास्वंदीच्या फांदीवर पांढरा कापूस जमतो, कढीपत्त्याचा शेंडा आकसतो, पानामागे काहीतरी वळवळताना दिसतं आणि हात थेट कीटकनाशकाच्या बाटलीकडे जातो. पण सुक्याबरोबर ओलंही जळतं, तसं या फवाऱ्यात किडीबरोबर तिला खाणारे किडेही मरतात.

याचा फायदा किडीलाच होतो. मावा मादी नराशिवाय थेट पिल्लांना जन्म देते आणि उबदार हवेत ती पिल्लं आठवडा-दहा दिवसांत स्वतः पिल्लं द्यायला लागतात. माव्याला खाणाऱ्या ढालकिड्याला मात्र अंड्यातून पूर्ण वाढायला साधारण तीन आठवडे लागतात. म्हणजे फवारणीनंतर कीड आधी परतते आणि तिला आवरणारं कुणीच उरलेलं नसतं. म्हणूनच आधी ओळख पटवायला हवी.

ढालकिडा आणि त्याची अळी

लाल-केशरी पाठीवर काळे ठिपके किंवा नागमोडी रेघा असलेला ढालकिडा, म्हणजेच लेडीबर्ड, बहुतेकांना माहीत असतो. गफलत होते ती त्याच्या अळीत. काळपट, लांबट, सहा पायांची आणि अंगावर केशरी-पिवळे डाग असलेली ही अळी इवल्याशा मगरीसारखी दिसते. ती पानं खात नाही, मावा खाते. तिला मारू नका.

अपवाद एकच लक्षात ठेवा. वांगी, टोमॅटो किंवा बटाट्यावर फिक्कट, बारीक लव असलेला आणि 28 ठिपक्यांचा भुंगा दिसला, तर तो शत्रू आहे. तो आणि त्याची पिवळी काटेरी अळी पानं खरवडून जाळी करून टाकतात.

पिठ्या ढेकूण की त्याचा शत्रू?

जास्वंदीवरचा 'कापूस' म्हणजे पिठ्या ढेकूण. तो एका जागी घोळक्याने बसून रस शोषतो. पण त्याच घोळक्यात त्याहून मोठी, लांब पांढऱ्या झुपक्यांची आणि हात लावताच चालू लागणारी अळी दिसली, तर ती क्रिप्टोलीमस नावाच्या भुंग्याची असू शकते. ती पिठ्या ढेकूणच खाते.

मित्रकीटक काय करू शकतात, याचं मोठं उदाहरण पपईचं आहे. मूळचा मेक्सिकोकडचा पपईवरचा पिठ्या ढेकूण 2008 मध्ये कोइमतूरला आढळला आणि पुढे महाराष्ट्रातही पोहोचला. फवारण्यांना तो दाद देत नव्हता. 2010 मध्ये पोर्टो रिकोहून अॅसेरोफॅगस पपाये ही अगदी बारीक गांधीलमाशी आणून सोडण्यात आली. ती पिठ्या ढेकणाच्या शरीरातच अंडी घालते. तिच्यामुळे ही कीड आटोक्यात आली.

भिंतीवरची माती कुणाची?

भिंतीवर किंवा खिडकीच्या कोपऱ्यात मातीचा गोल गोळा किंवा छोटं मडकं दिसलं, तर ते कुंभारीण माशीचं घर आहे. ती एकटी राहते, विनाकारण डसत नाही आणि पिल्लांसाठी अळ्या किंवा कोळी पकडून आणते. पण जमिनीपासून चौकटीकडे चढत जाणारी मातीची बारीक नळी असेल, तर ती वाळवी आहे. तिथे वेळ न घालवता तज्ज्ञाला बोलवा.

मग करायचं काय?

- पानं उलटून बघा. एका जागी चिकटून बसलेला घोळका बहुधा किडीचा असतो, तर एकटा हिंडणारा किडा शिकारी असू शकतो.
- शेंड्याकडे मुंग्यांची रांग दिसली तर मावा किंवा पिठ्या ढेकूण शोधा. त्यांच्या गोड, चिकट स्रावासाठी मुंग्या त्यांची राखण करतात.
- मावा पाण्याच्या जोरदार धारेने पाडा. पिठ्या ढेकूण साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या कापसाने पुसून काढा.
- निंबोळी तेल वापरायचंच असेल तर संध्याकाळी आणि फक्त कीड असलेल्या फांदीवर फवारा.
- कढीपत्ता, पुदिना, कोथिंबीर अशा रोज पोटात जाणाऱ्या पानांवर रासायनिक फवारा टाळाच.

चार पानं कुरतडलेली दिसली म्हणून झाड मरत नाही. कढीपत्त्यावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी सापडली, तर तिला राहू द्या. काही दिवसांनी तिचंच फुलपाखरू होणार आहे.