पंचवीस ऐकून 52 का लिहिलं जातं?

आकडे म्हणता येणं म्हणजे संख्या कळणं नव्हे. अंबरनाथ-बदलापूरच्या काय, कुठल्याही अंगणवाडीत सात चिंचोके मोजून झाल्यावर ‘मग किती?’ विचारलं, की लहान मूल पुन्हा एकपासून सुरू करतं. शेवटचा आकडा म्हणजेच उत्तर, हे साधारण चौथ्या वर्षी उमगतं. उल्हासनगरात आणखी एक गंमत : ‘कॅम्प नंबर चार’ या वस्तीच्या नावातला चार काहीच मोजत नाही, ते नुसतं नाव!

पुढचा अडथळा भाषेचा. ‘पंचवीस’मध्ये पाच आधी, वीस नंतर, म्हणून 52 लिहिलं जातं. सिंधीतही हाच उलटा क्रम. ‘एकोणतीस’मध्ये तर चक्क वजाबाकी. म्हणूनच 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात गणितज्ञ मंगला नारळीकर यांच्या समितीने ‘वीस पाच’ असंही वाचन दिलं. थट्टा बरीच झाली, अडचण मात्र खरी होती. पंचवीसही पुस्तकात राहिलेच.