आई, उज्जैन आणि जमा केलेला मोबाईल

उज्जैनला जायचं ठरलं तेव्हा मी सवयीप्रमाणे एक्सेल शीट उघडली. विमान, टॅक्सी, हॉटेल, दर्शनाची वेळ, जेवायच्या जागा, आईच्या गुडघ्याच्या गोळ्या, प्रत्येकाला एक ओळ. तीन दिवस आणि बावीस ओळी. आई शेजारी बसून मटार सोलत होती. तिनं चष्मा वर करून शीट पाहिली आणि विचारलं, "यात मावशीचं घर कुठंय?"

"मावशीआजी जाऊन वीस वर्षं झाली, आई. घर तरी असेल का तिथे?"

"नसलं तर नसेल. बघायला काय जातं?"

झाली तेविसावी ओळ.

आईचं माहेर अकोल्याचं. लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत ही भावंडं मीटर गेजच्या गाडीनं खांडव्यावरून इंदूरला जायची आणि तिथून बसनं उज्जैनला, मावशीकडे. वाटेत पातालपाणीचा घाट लागायचा. उन्हाळ्यात तिथला धबधबा कोरडाच, तरी सगळी पोरं खिडकीला चिकटायची म्हणे. आता आई एकोणसत्तर वर्षांची आहे. बाबा गेल्यापासून बंगळुरूला माझ्याकडे असते. एक गुडघा बदललेला, दुसरा रांगेत. तो बदलायच्या आधी उज्जैन करून येऊ, असा बेत होता.

आपल्यापैकी बरेच जण आई-बाबांना घेऊन जायचा विचार करत असतील, म्हणून आधी कामाचं सांगतो. उज्जैनला जाणारे बहुतेक जण विमानानं इंदूरला उतरतात. विमानतळाला देवी अहिल्याबाई होळकरांचं नाव आहे. तिथून उज्जैन साधारण पंचावन्न-साठ किलोमीटर. २०२८च्या सिंहस्थासाठी रस्ता रुंद करायचं काम चालू आहे, त्यामुळे सव्वा तासाचे दोन तास धरून चाला. मुंबईकरांना अवंतिका एक्सप्रेस जास्त सोयीची: संध्याकाळी बसा, सकाळी थेट उज्जैनला उतरा.

टॅक्सी मी आदल्या रात्रीच बुक केली होती. विमानतळावर ड्रायव्हर भेटला आणि म्हणाला, टोल वेगळा, पार्किंग वेगळं, आणि गाडी हॉटेलपर्यंत नाही, अलीकडेच सोडणार. मी मोबाईलवरचं बुकिंग दाखवत वाद घालायला लागलो. आई मागच्या सीटवर बसून मोकळी झाली होती. तिनं खिडकीतून डोकं काढलं. "भैया, टोल हम देंगे. पण हरिफाटक के आगे तक छोड़ना पड़ेगा. मौसी का घर था हमारा इधर, हमको मत घुमाओ." तो हसला आणि गाडी सुरू केली. पन्नास वर्षांपूर्वीच्या मौसीच्या जोरावर आम्ही हॉटेलच्या दारात उतरलो. तुमच्याकडे अशी मौसी नसेल तर फोनवर आधीच तीन गोष्टी विचारून घ्या: टोल कोणाचा, पार्किंग कोणाचं आणि गाडी नेमकी कुठपर्यंत येणार. गर्दीच्या दिवशी महाकाल मंदिराजवळ चारचाकी जाऊ देत नाहीत. पुढे ई-रिक्षाच.

राहायला आम्ही फ्रीगंज निवडलं. मंदिराला लागून राहिलं की चालणं वाचतं हे खरं, पण तिथल्या गल्ल्यांत पहाटेपासून वर्दळ असते. फ्रीगंजला रस्ते मोठे, खायला भरपूर आणि ई-रिक्षा सतत मिळतात. वारही बघून घ्या. आम्ही डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मंगळवार ते गुरुवार गेलो. शनिवार-रविवार, सोमवार आणि श्रावण, वयस्कर माणूस बरोबर असेल तर टाळाच. पहाटे चारच्या भस्म आरतीचा मोहही आम्ही टाळला. आधी बुकिंग, मध्यरात्रीपासून रांग आणि थंडी. हे आईच्या गुडघ्याला झेपणारं नव्हतं.

आता खाण्याबद्दल, कारण आईचे आणि माझे पहिले मतभेद तिथेच झाले. सकाळी पोहे. माळव्यातले पोहे वाफेवर ठेवलेले असतात, त्यात बडीशेप असते, वर शेव आणि जिरावण नावाचा मसाला, बरोबर गरम जिलबी. पहिल्या दिवशी आई म्हणाली, "कढीपत्ता कुठंय? आणि पोह्यात बडीशेप कोण घालतं?" तिसऱ्या दिवशी तिनं जिरावणाची पाव-पाव किलोची चार पाकिटं घेतली. दुपारी दाल-बाफला. हा आपल्या वऱ्हाडी रोडग्याचा मावसभाऊ. रोडगे नुसते भाजतात. बाफला आधी पाण्यात उकळतात, मग भाजतात, मग तुपात बुडवतात. दोघांत एक थाळी मागवा आणि त्यानंतर दोन तास काहीही ठरवू नका. संध्याकाळी फ्रीगंजच्या टॉवर चौकात गराडू खाल्ले: कोनफळाच्या जातीचा कंद, कुरकुरीत तळलेला, वर लिंबू आणि जिरावण. हे थंडीतच मिळतात, म्हणून आम्ही दोन प्लेट खाल्ले. आणखी एक: मंदिराच्या भागात ठंडाई घेताना ती साधी की भांगेची, हे स्पष्ट विचारा. तिथे दोन्ही उघडपणे मिळतात.

बुधवारी सकाळी दर्शनाला गेलो. महाकाल लोक हा नवा परिसर ११ ऑक्टोबर २०२२ला खुला झाला. नऊशे मीटरहून लांब आहे, तेव्हा चालायची तयारी हवी. पण माझं लक्ष जुन्या मंदिराकडे होतं. तेराव्या शतकात अल्तमशच्या स्वारीत मंदिर पाडलं गेलं. आज उभं आहे ते अठराव्या शतकात, राणोजी शिंद्यांच्या काळात, त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी बांधवलेलं. खाली महाकालेश्वर, मधल्या मजल्यावर ओंकारेश्वर आणि सगळ्यात वर नागचंद्रेश्वर, ज्याचं दार वर्षातून एकदा, नागपंचमीलाच उघडतं. शाळेत आपण मराठे अटकेपर्यंत गेले एवढंच शिकलो. दिवाण कोण होता आणि त्यानं काय बांधलं, हे मला तिथे जाईपर्यंत माहीत नव्हतं.

मंदिरात मोबाईल नेता येत नाही. चपला आणि मोबाईल जमा करायचे, टोकन घ्यायचं. मी आईचा आणि माझा फोन एकाच पिशवीत घातला, चपला ठेवल्या, टोकन खिशात टाकलं. किती व्यवस्थित, असं स्वतःलाच वाटलं.

दर्शन छान झालं. बाहेर पडताना एका वळणावर मी एका आजोबांना वाट द्यायला थांबलो. दहा सेकंद असतील. मान वर केली तर पुढे फिकट निळी साडी नव्हती.

पहिल्यांदा हात खिशात गेला. खिशात टोकन. मग वाटलं, बाहेरच्या रस्त्याला उभी असेल. तिथे बाहेर पडायला दोन वाटा होत्या. दोन्हीकडे पाहून आलो. परत आत जायचा प्रयत्न केला, पण लोंढा उलटा होता. अनवाणी पाय गार पडले होते आणि डोक्यात नको ते विचार. आईला माझा नंबर पाठ नाही. मला तिचा पाठ नाही. माझ्या फोनमध्ये ती फक्त "आई" आहे. हॉटेलचं नाव तिला आठवेल का? पर्स तिच्याकडे होती, पण त्यात पैसे किती? रोजच्या कामात सर्व्हर बंद पडला तर काय करायचं याचे पाच-पाच पर्याय लिहून ठेवणारा माणूस मी. इथे एकही पर्याय लिहिलेला नव्हता.

धावत जाऊन टोकन दिलं, पिशवी घेतली आणि घाईघाईनं आईला फोन लावला. तिचा फोन माझ्याच हातातल्या पिशवीत वाजायला लागला.

तिथल्या एका सुरक्षा रक्षकाला मी हिंदीत, मधूनच मराठीत, सगळं सांगितलं. त्यानं शांतपणे विचारलं, "माताजी कहीं और जाने का बोल रही थीं क्या?" आणि मला हरसिद्धी आठवली. सकाळपासून ती दोन-तीनदा म्हणाली होती की हरसिद्धीच्या दीपमाळा बघायच्या आहेत. शीटमध्ये हरसिद्धी संध्याकाळी सहाला होतं, म्हणून मी "हो हो, नंतर" म्हणून सोडून दिलं होतं.

हरसिद्धीचं देऊळ महाकालपासून चालत जाण्याइतकं जवळ आहे. आवारात दोन उंच दीपमाळा आहेत, जेजुरीची आठवण यावी अशा, मराठी धाटणीच्या. त्यातल्या एकीपाशी आई बसली होती. इंदूरच्या एका काकूंशी गप्पा चालल्या होत्या, हातात त्यांनीच दिलेलं केळं.

"कुठे होतास रे इतका वेळ?"

मी चाळीस मिनिटं कुठे होतो ते मला सांगता येईना. तीच म्हणाली, "मावशीचा नियम होता. गर्दीत चुकामूक झाली तर रडत फिरायचं नाही, हरसिद्धीच्या दीपमाळेखाली येऊन उभं राहायचं. तुला विमानात सांगितलं होतं ना."

सांगितलं असणार. विमानात मी शीट बघत होतो.

नवा गुडघा घेऊन ती तेवढं अंतर अनवाणी चालत गेली होती. तळवे लाल झाले होते. मी खाली बसून तिच्या पायात चपला घातल्या, तर काकू म्हणाल्या, "अगदी लहान मुलासारखा चेहरा झालाय तुमच्या मुलाचा." दुपारच्या तिन्ही ओळी मी शीटमधून काढून टाकल्या. शिप्रेच्या रामघाटावर संध्याकाळपर्यंत नुसते बसलो.

गुरुवारी सकाळी मावशीचं घर. गोपाळ मंदिर सापडणं सोपं. दौलतराव शिंद्यांच्या पत्नी बायजाबाईंनी एकोणिसाव्या शतकात बांधलेलं, भर बाजारात आहे. शिंद्यांची राजधानी १८१०च्या सुमारास ग्वाल्हेरला गेली, पण मराठी घरं इथे राहिली. भीमबेटकाची चित्रं १९५७मध्ये जगासमोर आणणारे वि. श्री. वाकणकर उज्जैनचेच. हिंदीतले मोठे कवी गजानन माधव मुक्तिबोध मराठी घरातले, काही काळ इथे राहिलेले. त्यांचे धाकटे भाऊ शरच्चंद्र मराठीत लिहायचे. एका घरात दोन भाषा, आणि दोन्हींत मोठं काम.

मंदिरामागच्या गल्लीत आई न विचारता दोन वळणं वळली. तिसऱ्या वळणावर थांबली. घर नव्हतं. तिथे तीन मजली इमारत होती, खाली मेंदी आणि बांगड्यांचं दुकान. दुकानदार तिशीतला, त्याला मराठी कुटुंब वगैरे काही माहीत नव्हतं. पण त्यानं आईला खुर्ची दिली. ती मागे वळून बसली, मान उंच करून गोपाळ मंदिराचा कळस पाहिला आणि म्हणाली, "हेच. आम्ही गच्चीवर झोपायचो तेव्हा डोळे उघडले की हा दिसायचा." पाच मिनिटं बसली. मेंदीचे सहा कोन घेतले, भाव केला नाही. आई भाव करत नाही हे मी पहिल्यांदा पाहिलं.

परतीच्या आधी तासभर होता, तो मी माझ्यासाठी मागून घेतला: वेधशाळा. सवाई जयसिंगानं माळव्याचा सुभेदार असताना बांधलेली, आणि १९२३मध्ये माधवराव शिंद्यांनी दुरुस्त करवलेली. माझ्या घड्याळात अकरा वाजले होते. सम्राट यंत्रावरची सावली पावणेअकराच्या जरा अलीकडे होती. उज्जैनची स्थानिक वेळ भारतीय प्रमाणवेळेच्या सुमारे सत्तावीस मिनिटं मागे, आणि डिसेंबरच्या सुरुवातीला सूर्य स्वतः दहाएक मिनिटं पुढे. वजाबाकी केली, उत्तर जुळलं. तीनशे वर्षांपूर्वीचं दगडी यंत्र मिनिटाच्या हिशेबात चुकत नाही, हे बघून मी आईला उत्साहानं पाच मिनिटं समजावलं. ती बाकावर बसून म्हणाली, "छान आहे. पण विमान कोणत्या वेळेनं आहे?"

इंदूर विमानतळावर जिरावणाची पाकिटं सुरक्षा तपासणीतून सुखरूप गेली. विमानात बसल्यावर आईनं पर्समधून एक चिठ्ठी काढून दाखवली: माझा नंबर, हॉटेलचं नाव, मोठ्या अक्षरात. मग म्हणाली, "माझा नंबर म्हणून दाखव पाहू." मी म्हणून दाखवला. शेवटचे दोन आकडे चुकले.