आपली नसलेली भाषा शिकवण्याची वाट

घरात उर्दू किंवा कोकणी, मोहल्ल्यात हिंदी, शाळेत मराठी आणि कॉलेजात इंग्रजी. आपल्या अनेक मुलामुलींचे शिक्षण असे चार भाषांतून होते. त्यांपैकी एखादी मुलगी म्हणाली, "इंग्रजी कशी शिकवावी, याचे उच्च शिक्षण मला अमेरिकेत घ्यायचे आहे," तर घरातून लगेच विचारले जाते, "गोऱ्यांना त्यांचीच भाषा तू काय शिकवणार?"

हा प्रश्न गैरसमजातून येतो. 'टेसॉल' नावाची ही शाखा इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही, त्यांना ती शिकवण्याची आहे. तिथले विद्यार्थी म्हणजे स्थलांतरित कामगार, निर्वासित कुटुंबे आणि इतर देशांतून शिकायला आलेली मुले. साधारण दोन वर्षांच्या एम.ए.मध्ये भर साहित्यावर नसतो. भाषाविज्ञान, व्याकरण, उच्चारशास्त्र आणि प्रत्यक्ष वर्गात शिकवण्याचा सराव यांवर असतो.

उणीव नव्हे, भांडवल

इंग्रजी ज्याची मातृभाषा तोच उत्तम शिक्षक, हा समज रॉबर्ट फिलिप्सन यांनी १९९२ साली आपल्या ग्रंथात खोडून काढला. मराठी आणि उर्दूत 'अ', 'द' यांसारखी उपपदे नाहीत. आपल्याकडे 'व' एकच, इंग्रजीत त्याचे दोन उच्चार. जिने हे कष्टाने शिकून घेतले, तिला विद्यार्थी नेमका कुठे अडखळेल हे आधीच कळते. जन्मापासून इंग्रजी बोलणाऱ्याला ते समजायला वेगळा अभ्यास करावा लागतो.

अशा शिक्षकांनी मोठे नाव कमावले आहे. जाफन्याचे तमिळभाषक सुरेश कनगराजा अमेरिकेत पीएच.डी. करून पुढे पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात प्राध्यापक झाले. टेसॉल संघटनेत मातृभाषक नसलेल्या शिक्षकांचा स्वतंत्र गट १९९८ साली उभा राहिला, आणि २००६ मध्ये संघटनेने नोकरीतील भेदभावाविरुद्ध जाहीर भूमिका घेतली.

भेदभाव मात्र संपलेला नाही. 'फक्त नेटिव्ह स्पीकर' अशा जाहिराती आजही निघतात. दक्षिण कोरियाचा इंग्रजी शिक्षकांसाठीचा व्हिसा मुख्यतः सात इंग्रजीभाषक देशांच्या नागरिकांनाच मिळतो. ही अडचण जाण्याआधीच माहीत असलेली बरी.

पैशाचे गणित

व्याजाचे कर्ज टाळू इच्छिणाऱ्या घरांसाठी हा खरा पेच आहे. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांना शैक्षणिक कर्जाच्या व्याजात मदत देणारी केंद्राची 'पढो परदेश' योजनाही २०२२-२३ पासून बंद झाली. तरी वाटा आहेत. अमेरिकेतील काही विद्यापीठे अध्यापन साहाय्यकाचे काम देतात: पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवायचे, बदल्यात फी माफ आणि दरमहा विद्यावेतन. एम.ए.पेक्षा पीएच.डी.ला ही सोय अधिक मिळते. ब्रिटनमध्ये एम.ए. एका वर्षाचे असते. तिथली चेव्हनिंग शिष्यवृत्ती पूर्ण खर्च देते, पण आधी सुमारे दोन वर्षांचा कामाचा अनुभव मागते आणि शिक्षणानंतर दोन वर्षांसाठी मायदेशी परतण्याची अट घालते.

अर्जाआधी तपासा

- अमेरिकेतील सरकारी शाळेत शिकवायला त्या राज्याचा परवाना लागतो. तो या पदवीबरोबर मिळतो का?
- परत येऊन इथल्या महाविद्यालयात शिकवायचे असेल, तर ही पदवी इंग्रजीच्या एम.ए.च्या तोडीची मानली जाईल का? नेट-सेटसाठी चालेल का?
- साहाय्यकाच्या कामासाठी बोलण्याची वेगळी परीक्षा आहे का?
- प्रत्यक्ष वर्ग घेण्याचा सराव किती?

शक्य असेल तर जाण्याआधी एक-दोन वर्षे इथेच शाळेत किंवा क्लासमध्ये शिकवावे. अर्जाला वजन येते, आणि हे काम आपल्याला मनापासून आवडते का, तेही कळते.

आईवडिलांना एवढीच विनंती: "तू काय शिकवणार?" हे विचारण्याऐवजी, "तू ही भाषा कशी शिकलीस?" हे विचारा. तिच्या उत्तरातच तिची खरी पात्रता दिसेल. मग कागदपत्रे जमवायला तिच्यासोबत बसा. पुढची वाट अल्लाह सोपी करो.