ढाळजेचा फोटो

लातूर-नांदेड रस्त्यावरच्या चाकूरमध्ये एखादं दहा-बारा वर्षांचं पोरगं वडिलांचा मोबाईल घेऊन जुन्या वाड्याच्या दारापुढं उभं राहिलं, की पहिला प्रश्न ठरलेला असतो : 'कशाचा फोटो काढायलास रे?' वाड्याचा, असं म्हटलं की लगेच दुसरा : 'त्यात काय आहे?' पोराला याचं उत्तर देता येत नाही. त्याला दाराच्या फळ्यांवरचे लोखंडी खिळे आवडलेले असतात, चौकटीवरचा गणपती आवडलेला असतो, नाहीतर दगडी उंबऱ्याला मधोमध पडलेला खळगा. इतक्या पायांनी तो झिजवला, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. तरी तो नेमका खळग्याचाच फोटो काढतो.

बाहेरच्यांना चाकूर माहीत असतं ते लोकसभेचे माजी अध्यक्ष शिवराज पाटील चाकूरकर यांच्या आडनावामुळे, किंवा तालुक्यातल्या वडवळ नागनाथच्या बेटावरच्या वनौषधींमुळे. जुन्या इमारती बघायला म्हणून चाकूरला कुणी येत नाही. पण सकाळच्या एसटीनं निघून संध्याकाळी परतता येईल अशा टप्प्यात उदगीरचा, औशाचा आणि कंधारचा असे तीन भुईकोट आहेत. जुन्या इमारतींचं वेड लागलेल्या पोराला यापेक्षा चांगला तालुका मिळणं कठीण.

हे वेड मोठ्या माणसांनाही लागतं आणि त्यातून मोठी कामं उभी राहतात. राजा दीनदयाळ हे निजामाच्या राज्यातले सर्वांत नावाजलेले फोटोग्राफर. रुरकीला शिकलेले, इंदूरला बांधकाम खात्यात आराखडे आणि अंदाजपत्रकं करणारे. १८८२ मध्ये ते लेपेल ग्रिफिन या इंग्रज अधिकाऱ्याबरोबर मध्य भारतातल्या वास्तूंचे फोटो काढत हिंडले आणि पुढं सहाव्या निजामाचे दरबारी फोटोग्राफर झाले. आराखड्यावर बसलेली नजर कॅमेऱ्यात आली की काय होतं, ते त्यांच्या फोटोंतल्या सरळ उभ्या खांबांवरून कळतं. कुठलीही भिंत कललेली दिसत नाही.

त्यांच्याही आधी अजिंठ्याला मेजर रॉबर्ट गिल होता. १८४४ पासून त्याला लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करायच्या कामावर नेमलेलं होतं. वर्षानुवर्षं खपून केलेल्या मोठमोठ्या तैलचित्रांपैकी बहुतेक १८६६ मध्ये लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाली. मधल्या काळात गिल कॅमेरा वापरायला शिकला होता आणि त्याचे लेण्यांचे फोटो १८६४ मध्ये जेम्स फर्ग्युसनच्या मजकुरासह पुस्तकरूपानं आले होते. रंगानं केलेलं गेलं, काचेवर घेतलेलं राहिलं. निजामाच्या पुरातत्त्व खात्याचे पहिले संचालक गुलाम यझदानी यांनीही अजिंठ्याचे चार खंड १९३० ते १९५५ या काळात काढले, ते फोटोंच्याच आधारावर.

पण या सगळ्यांचे कॅमेरे वळले कुठं? अजिंठा, वेरूळ, दौलताबाद, हैदराबादचे महाल. लातूर-नांदेडकडच्या साध्या माळवदी घरांकडं, गढ्यांकडं, गावच्या वेशीकडं फारसं कुणी बघितलं नाही. लंडनकरांचीही एकेकाळी हीच गत होती. १८७५ मध्ये तिथली ऑक्सफर्ड आर्म्स नावाची जुनी सराई पाडायचं ठरलं, तेव्हा काही लोकांनी पैसे गोळा करून आधी तिचे फोटो काढून घेतले. त्यातून जुन्या लंडनच्या खुणा टिपणारी एक संस्था उभी राहिली आणि दहा-अकरा वर्षांत तिनं १२० फोटो काढले. सराई पडायची ती पडलीच. पॅरिसमध्ये नटाचा पेशा न जमलेला युजीन आत्जे १८९० च्या दशकापासून मरेपर्यंत जुन्या गल्ल्या, जिने, दारांच्या कड्या टिपत राहिला. गिऱ्हाईक कोण, तर चित्रकार आणि ग्रंथालयं. आजचं जग ते जुनं पॅरिस त्याच्याच डोळ्यांनी बघतं.

आपल्याकडं असं का झालं नाही, याचं उत्तर बरंचसं फिल्मच्या रिळात आहे. कोडॅकनं १९०० मध्ये 'ब्राउनी' हा एक डॉलरचा खोका-कॅमेरा काढला तो मुलं डोळ्यांसमोर ठेवूनच. भारतात ती जागा घेतली बडोद्याला बनणाऱ्या 'आग्फा क्लिक थ्री'नं. त्यात एका रिळावर बारा चौकोनी फोटो यायचे. आता या बारांचा हिशेब करा. मामाचं लग्न, धाकटीचं बारसं, तुळजापूरची जत्रा, आजीचा एक 'राहू दे, पुढं लागतो' म्हणून काढलेला. एवढ्यात बारा संपतात. शिवाय धुवायला तालुक्याला नाहीतर लातूरला द्यायचं. अशा हिशेबात भिंतीवर एक फोटो वाया घालवणाऱ्या पोराला घरच्यांनी दुसऱ्यांदा कॅमेरा दिला नाही, तर त्यांचं चुकलं असं म्हणता येत नाही.

म्हणून मराठवाड्यात घरांचे फोटो चुकून निघाले. नवरा-नवरी दारात उभी, मागं अर्धी चौकट. शाळेचा ग्रुप फोटो, मागं बुरुजाचा एक तुकडा. घर दिसतं, पण माणसांच्या खांद्यांमधून जेवढं दिसेल तेवढंच.

आणि मग ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आली. अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून लोक झोपले होते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी-सास्तूर भागात भूकंप झाला. सुमारे दहा हजार माणसं गेली, त्यातली बहुसंख्य स्वतःच्याच घराखाली. ते घर म्हणजे माळवद. दोन-दोन फूट जाडीच्या, मातीत रचलेल्या दगडी भिंती. आत लाकडी खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर फळ्या आणि वर मातीचा थर. गळतं म्हणून दर पावसाळ्याआधी वर आणखी पांढरी माती टाकायची. ती बहुतेक गावच्या गढीचीच उकरून आणलेली असायची. पिढ्यान्‌पिढ्या साठलेलं ते ओझं उन्हाळ्यात घर गार ठेवायचं आणि त्या पहाटे त्याच ओझ्यानं जीव घेतला. बावन्न गावं नव्या जागी वसली, सरळ रस्त्यांची आणि सारख्या घरांची. जी माळवदं उभी होती त्यांचाही लोकांनी धसका घेतला. पत्रा आला, मग स्लॅब आला. त्याबद्दल हळहळ करायचा अधिकार दूर बसून लिहिणाऱ्याला नाही. माणूस आधी, वाडा नंतर. मात्र पाडण्याआधी एक फोटो निघाला असता तर कुणाचंच काही बिघडलं नसतं.

ढाळज म्हणजे काय, हे आज फोटोवाचून नव्या पोराला समजावून बघा. वाड्याच्या मोठ्या दारातून आत पाऊल टाकलं की दोन्ही अंगांना कमरेएवढे ओटे, वर छप्पर, पुढं चौक. आल्यागेल्याला पाणी इथं, गड्याचा हिशेब इथं, म्हाताऱ्यांची दुपारची झोप इथं. परक्याचा पाय यापुढं जात नसे. भिंतीत देवळी, देवळीच्या वरच्या कमानीला वर्षानुवर्षांच्या दिव्याची काजळी. ही काजळी फोटोत छान येते, फक्त फ्लॅश बंद ठेवावा लागतो. फ्लॅश मारला की सगळी भिंत पांढरीफटक आणि देवळी म्हणजे नुसतं काळं भोक. सकाळी आठ-नऊच्या सुमारास पूर्वेच्या दारातून तिरपं ऊन ओट्यावर येतं, तेव्हा दगडावरचे टाकीचे घाव एकेक मोजता येतात. पोरं हे दोन-तीन फोटो बिघडवून आपोआप शिकतात. मोबाईलवर बिघडवायला पैसे पडत नाहीत, हा या पिढीचा खरा फायदा.

मोठ्या वास्तूंचं दुखणं वेगळं. लातूरची गंजगोलाई घ्या. फैय्याजुद्दीन यांच्या आराखड्यावरून १९१७ मध्ये उभी राहिलेली गोल दुमजली इमारत, मधे अंबाबाईचं देऊळ, सोळा रस्ते येऊन मिळतात. खालून फोटो काढला तर पाट्या, हातगाडे आणि वायरी येतात. इमारत गोल आहे हे कळतच नाही. समोरच्या एखाद्या दुकानाच्या गच्चीवर जायची परवानगी मागावी लागते. कंधारला अडचण उलटी. क्षेत्रपालाच्या प्रचंड मूर्तीचे तिथले अवशेष नुसते टिपले तर साधे दगड वाटतात. शेजारी मित्र उभा केला, की बघणाऱ्याच्या तोंडून 'अबब' निघतं. पुरातत्त्वाचे लोक मोजपट्टी ठेवतात, मुलांनी मित्र ठेवावा. उदगीरला किल्ल्याबाहेरच्या खंदकात बघितल्याशिवाय आतले फोटो काढू नयेत. १७६० च्या फेब्रुवारीत सदाशिवरावभाऊंनी निजामाचा पराभव केला तो याच उदगीरच्या मोहिमेत. वर्षभराच्या आतच पानिपत झालं, म्हणून उदगीर बिचारं पुस्तकात दोन ओळींत आटोपतं. औशात बुरूज आहेत, तोफा आहेत, आणि बुरुजावर चढून सेल्फी काढणारेही आहेत. ढासळत्या गढीवर चढू नये, एवढं मात्र पोरांना दटावूनच सांगावं.

जगभरच्या स्मारकांचे फोटो मागवणारी 'विकी लव्ज मॉन्युमेंट्स' ही स्पर्धा २०१० मध्ये नेदरलँड्समध्ये सुरू झाली आणि २०१२ पासून भारतही तिच्यात आला. त्यातून किल्ले-देवळांचे असंख्य फोटो सर्वांसाठी खुले झाले. चाकूरच्या गल्लीतली ढाळज स्मारकांच्या कुठल्याही यादीत बसत नाही. ती टिपायची तर गल्लीतल्याच पोरानं.

तेव्हा या दिवाळीत गावी गेलात, तर पोराच्या हातातला मोबाईल काढून घेऊ नका. घरमालकाला विचारून त्याला वाड्याचे चार फोटो काढू द्या : एक समोरून पूर्ण, एक ढाळजेतून चौकाकडं, एक तुळयांचा, एक त्याला जे आवडेल त्याचा. कागदावर छापून घ्या आणि मागं गावाचं, गल्लीचं नाव, तारीख आणि दार कुठल्या दिशेला आहे ते लिहा. आजीला वाडा बांधल्याचं साल आठवत असेल तर तेही. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी देवळ्यांत पणत्या लागल्या की उजेड छान असतो. फक्त मोबाईल ओट्यावर टेकवायला सांगा, नाहीतर फोटो हलतो.