रिसीव्हर: खोली ओळखणारं यंत्र

होम थिएटर घ्यायचं ठरलं की दुकानात पहिला प्रश्न निघतो तो वॅटचा आणि दुसरा स्पीकर किती याचा. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण त्यांच्याही आधी विचारायला हवा असा प्रश्न बहुतेकदा राहूनच जातो: या यंत्रापर्यंत मूळ ध्वनी पोहोचणार कसा? एव्ही रिसीव्हर स्पीकरना ताकद पुरवतो हे खरंच, पण ती ताकद त्याच्या कामाचा शेवटचा टप्पा आहे. त्याआधी तो आलेला डिजिटल संकेत वाचतो, त्यात किती चॅनेल आहेत ते ओळखतो आणि कोणता आवाज कोणत्या कोपऱ्यातून, किती जोरात आणि किती उशिराने निघावा हे ठरवतो. संपूर्ण घरात या खोलीची मापं ठाऊक असलेलं यंत्र हे एकच. म्हणून डिकोडिंगचा शेवटचा अधिकार त्याच्याकडे असावा आणि संकेत तिथवर अखंड पोहोचावा, असं माझं मत आहे. टीव्ही, प्लेअर, सेट-टॉप बॉक्स आणि केबल या सगळ्यांची निवड या एका कसोटीवर व्हायला हवी.

ही कसोटी कुठून आली हे समजायला थोडा इतिहास लागतो. डिजिटल युगाआधी सराउंड ध्वनी दोनच चॅनेलमध्ये दुमडून पाठवला जाई. मधल्या स्पीकरचा आवाज डाव्या-उजव्या चॅनेलमध्ये सारखा मिसळायचा, मागचा आवाज एकमेकांच्या विरुद्ध फेजमध्ये टाकायचा आणि ऐकणाऱ्याकडच्या यंत्राने त्या फरकावरून तो पुन्हा उलगडायचा. 1977 सालच्या ‘स्टार वॉर्स’ने हे तंत्र चित्रपटगृहांत लोकप्रिय केलं. 1982 मध्ये डॉल्बी सराउंड आणि 1987 मध्ये डॉल्बी प्रो लॉजिक या नावांनी ते घरात आलं. त्यात हुशारी होती, पण उलगडण्याचं सगळं काम अंदाजाचं होतं. 1992 मध्ये ‘बॅटमॅन रिटर्न्स’बरोबर डॉल्बी डिजिटल आलं आणि हा अंदाज संपला. फिल्मच्या कडेच्या भोकांमधल्या चिमुकल्या जागेत डिजिटल माहिती छापलेली असे आणि तिच्यात पुढचे तीन, मागचे दोन आणि खर्जाचा एक असे सहा चॅनेल वेगवेगळे नोंदलेले असत. पुढच्याच वर्षी ‘जुरासिक पार्क’बरोबर डीटीएस आलं. त्यात ध्वनी वेगळ्या सीडी-रॉमवर असे आणि फिल्मवर फक्त दोन्हींचा मेळ राखणाऱ्या खुणा असत. त्यानंतर डीव्हीडीने हे वेगळे चॅनेल दिवाणखान्यात आणले.

वेगळे चॅनेल एवढ्या कमी जागेत मावतात ते आकुंचनामुळे. 48 हजार नमुने, 16 बिट आणि सहा पूर्ण चॅनेल असा हिशेब मांडला तर सेकंदाला सुमारे 4.6 मेगाबिट लागतात. डीव्हीडीवरचं डॉल्बी डिजिटल जास्तीत जास्त 448 किलोबिटांत, म्हणजे जेमतेम दहाव्या भागात, तेच काम उरकतं. अशा आकुंचित प्रवाहाला बिटस्ट्रीम म्हणतात. तो बंद पाकिटासारखा असतो: आत आवाज असतो आणि तो कसा वाजवायचा याच्या सूचनाही असतात. वाटेत कोणी ते पाकीट फोडून आतला मजकूर दोन ओळींत आवरला, तर पुढच्या वाचकाला त्या दोन ओळींवरच भागवावं लागतं.

वाटेत हे नेमकं घडतं आणि बहुतेकांच्या ते लक्षातही येत नाही. टीव्हीच्या ध्वनी सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुटचे पर्याय असतात. त्यांची नावं कंपनीगणिक बदलतात, पण साधारणपणे पीसीएम (म्हणजे उलगडलेला, आकुंचन नसलेला ध्वनी), ऑटो आणि पासथ्रू (म्हणजे आलेला संकेत तसाच पुढे) असे तीन दिसतात. ऑप्टिकल केबल लावलेली असताना पीसीएम निवडलेलं असलं, तर टीव्ही डिकोडिंग स्वतःच करून टाकतो आणि सहा चॅनेल दोनात मिसळून पाठवतो. पीसीएम असलं तर त्या वायरची व्यवस्था दोन चॅनेलपुरतीच आहे. मागचे आवाज पुढच्या दोन चॅनेलमध्ये विरघळतात आणि खर्जाचा स्वतंत्र चॅनेल तर या मिसळणीत बहुतेकदा सोडूनच दिला जातो. रिसीव्हर मात्र गप्प बसत नाही. आलेल्या दोन चॅनेलवरून तो जुन्या पद्धतीने अंदाज बांधतो आणि सगळे स्पीकर वाजवतो. घरची मंडळी कान लावतात, मागूनही आवाज येतोय म्हणतात आणि समाधान मानतात. पण पाचही स्पीकर वाजले म्हणून पाच चॅनेलचा ध्वनी आला असं सिद्ध होत नाही. खरा पुरावा रिसीव्हरच्या दर्शनी पट्टीवर असतो. तिथे किंवा माहितीच्या बटणावर ‘डॉल्बी डिजिटल’, ‘डॉल्बी डिजिटल प्लस’, ‘डीटीएस’ असं उमटलं तर पाकीट बंद आलं. पीसीएम आणि दोनच चॅनेल दिसले तर ते वाटेत फुटलं. एक खबरदारी इथे हवी: आत येणारा संकेत आणि बाहेर वाजवण्याची पद्धत या दोन वेगळ्या नोंदी असतात. वाचायची ती आत येणाऱ्या संकेताची.

वायरींच्या मर्यादा एकदा कळल्या की अर्धा गोंधळ मिटतो. टोकाशी लाल उजेड दिसतो ती ऑप्टिकल केबल 1983 मध्ये तोशिबाने आणली. ती आणि कोॲक्सियल केबल दोन चॅनेलचं पीसीएम नेतात किंवा डॉल्बी डिजिटल आणि मूळ डीटीएसचा बिटस्ट्रीम नेतात. डीव्हीडीला तेवढं पुरतं. ब्लू-रेवरच्या डॉल्बी ट्रूएचडीसारख्या, काहीही न गमावणाऱ्या प्रवाहाला सेकंदाला 18 मेगाबिटपर्यंत जागा लागू शकते आणि तो या वाटेने जात नाही. त्यासाठी एचडीएमआय हवं. 2002 च्या पहिल्या आवृत्तीपासून त्यातून आठ चॅनेलचं पीसीएम जातं आणि 2006 च्या 1.3 आवृत्तीपासून ट्रूएचडी आणि डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओचे बिटस्ट्रीमही जातात. टीव्हीकडून रिसीव्हरकडे ध्वनी परत आणणारी एआरसी सोय 2009 च्या 1.4 आवृत्तीत आली. तिची क्षमता साधारण ऑप्टिकलएवढीच आहे. फरक इतकाच की तिच्यातून डॉल्बी डिजिटल प्लसही येऊ शकतं, त्यामुळे दोन्ही उपकरणांची तयारी असली तर ओटीटीवरचं डॉल्बी ॲटमॉस (त्याबद्दल पुढे) रिसीव्हरपर्यंत पोहोचतं. ट्रूएचडीसाठी मात्र 2017 च्या 2.1 आवृत्तीतली ईएआरसी, म्हणजे एआरसीचंच वाढीव रूप, लागते. तीही असली आणि टीव्ही डीटीएस पुढे पाठवत नसला, तर प्लेअर थेट रिसीव्हरला जोडून चित्र तिथून टीव्हीकडे न्यावं.

यावर जाणकार एक आक्षेप घेतात आणि तो खोडून टाकण्यासारखा नाही. प्लेअरने स्वतः डिकोड करून एचडीएमआयमधून पूर्ण 5.1 किंवा 7.1 पीसीएम पाठवलं, तर नुकसान काय? साध्या चॅनेलच्या बाबतीत काहीच नाही. ट्रूएचडी प्लेअरमध्ये उलगडा की रिसीव्हरमध्ये, नमुने तेच निघतात. मग माझा आग्रह कशासाठी? 2012 मध्ये ‘ब्रेव्ह’ चित्रपटाबरोबर आलेल्या डॉल्बी ॲटमॉसमुळे. तिथे हेलिकॉप्टरचा आवाज अमुक स्पीकरला नेमून दिलेला नसतो. तो अवकाशात कुठे आहे याचा निर्देशांक सोबत असतो. त्या जागेचं रूपांतर स्पीकरमध्ये करायचं तर छताकडे दोन स्पीकर आहेत की चार, की एकही नाही, हे माहीत असावं लागतं. प्लेअरला ते माहीत नसतं, रिसीव्हरला असतं. प्लेअरने आधीच साधं पीसीएम करून टाकलं की हे निर्देशांक गळून पडतात. काही ब्लू-रे प्लेअरमध्ये मेन्यूचे आवाज मिसळणारी ‘सेकंडरी ऑडिओ’ सेटिंग चालू राहिली, तरी हाच तोटा होतो. काही स्ट्रीमिंग पेट्या पीसीएमसोबत निर्देशांकही पाठवतात. तिथेही ते निर्देशांक वाचून आवाज स्पीकरांत वाटण्याचं काम रिसीव्हरकडेच राहतं.

खोली ओळखणं म्हणजे काय, तेही जवळून पाहू. ध्वनी सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो. पुढचा स्पीकर तीन मीटरवर आणि बाजूचा सोफ्याला लागून सव्वा मीटरवर असला, तर जवळचा आवाज सुमारे पाच मिलिसेकंद आधी पोहोचतो. रिसीव्हर मायक्रोफोन लावून हे अंतर मोजतो आणि जवळच्या स्पीकरला तेवढं थांबवतो. लहान स्पीकरना न झेपणारा, साधारण 80 हर्ट्झखालचा खर्ज तो सबवूफरकडे वळवतो. खर्जाच्या स्वतंत्र चॅनेलला इतरांपेक्षा 10 डेसिबल वरचं स्थान देतो.

दुसरा आक्षेप आपल्या फ्लॅटांचा. मुंबई-पुण्याच्या दहा बाय चौदाच्या खोलीत एवढा व्याप कशाला, साउंडबार पुरे. जिथे वायर ओढायला जागाच नाही तिथे चांगला साउंडबार ही योग्य निवड आहे. पण खोली लहान म्हणून सराउंड निरुपयोगी ठरत नाही. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीत बाजूचे स्पीकर समोरच्या रेषेपासून 100 ते 120 अंशांवर, म्हणजे कानांच्या किंचित मागे, ठेवायला सांगितलं आहे. भिंतीपासून हातभर पुढे घेतलेल्या सोफ्यालाही ते जमतं. शिवाय शेजाऱ्यांसाठी आवाज लहान ठेवावा लागतो, तिथे स्वतंत्र मधला चॅनेल सर्वांत जास्त कामी येतो. संवाद ऐकू येत नाहीत आणि मारामारी आली की घर हादरतं, ही घरोघरची तक्रार. संवाद बहुतेक मधल्या चॅनेलमध्ये असतात, तो वेगळा आला असेल तर तेवढाच वाढवता येतो. डॉल्बीच्या प्रवाहात मोठ्या-लहान आवाजांतलं अंतर कमी करण्याच्या सूचनाही असतात. रिसीव्हरचा रात्रीचा मोड त्यांवरच चालतो.

तिसरा आक्षेप कानांचा: ओटीटीवरचा आकुंचित प्रवाह आणि डिस्कवरचा पूर्ण प्रवाह यांतला फरक खरंच ऐकू येतो का? चांगल्या बिटरेटला तो बारीक असतो आणि अनेकांना जाणवणारही नाही. म्हणून केवळ ट्रूएचडीच्या हौसेने खर्च वाढवा असं मी म्हणणार नाही. पण सहा चॅनेल दोनात मिसळले जाणं हा फरक बारीक नाही. तिथे आवाजाची जागाच बदलते. त्यासाठी पैसेही लागत नाहीत, एक सेटिंग बदलावी लागते किंवा केबल योग्य खोबणीत न्यावी लागते.

ध्वनीच्या मागे माणसांचे निर्णय असतात. ‘सैराट’साठी अजय-अतुल यांनी लॉस एंजेलिसमध्ये सिंफनी वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला. वाद्यांचे असे थर, पावसाची दिशा, पडद्याबाहेरून येणारी हाक, हे सगळं मिश्रणाच्या टेबलावर कोणीतरी विचारपूर्वक ठेवलेलं असतं. ते विचार घरात पोहोचावेत म्हणून खरेदीचा क्रम उलटा करावा. आधी स्रोत कोणते ते ठरवा, मग त्यांचा संकेत अखंड नेणारी जोडणी पाहा, मग तो वाचू शकणारा रिसीव्हर घ्या आणि वॅटचा हिशेब सर्वांत शेवटी करा. ज्यांच्याकडे यंत्र आधीच आहे, त्यांनी नवा स्पीकर घेण्याआधी नेहमीचं प्रत्येक ॲप आणि प्लेअर लावून दर्शनी पट्टीवरची आत येणाऱ्या संकेताची नोंद तपासावी. अनेक घरांत हवी असलेली सुधारणा तेवढ्यानेच होईल.