एक यंत्र बंद पडले तरी…

जुलै महिना. पीक विम्याची मुदत संपत आलेली. जिंतूरच्या एखाद्या सेवा केंद्रापुढे शेतकऱ्यांची रांग लागते आणि आतून आवाज येतो, "सर्व्हर डाऊन आहे!" हे शब्द तुम्हीही ऐकले असतील. सर्व्हर म्हणजे अनेकांना एकाच वेळी माहिती पुरविणारा, दूर कोठेतरी असलेला संगणक. तो बिघडला तरी काम थांबू नये म्हणून काय करतात?

पूर्वी बहुधा एका कामाला एक यंत्र असे. यंत्र बिघडले की काम बंद. आता 'हायपरव्हायजर' नावाची प्रणाली एकाच मोठ्या यंत्रात अनेक 'आभासी संगणक' चालविते. प्रत्येक जण स्वतंत्र यंत्रासारखा वागतो. ही कल्पना जुनीच आहे. परभणीचे कृषी विद्यापीठ स्थापन झाले त्याच वर्षी, १९७२ साली, आय.बी.एम. कंपनीने अशी 'व्हीएम/३७०' ही प्रणाली जाहीर केली होती.

आभासी संगणक म्हणजे साठवणीच्या दृष्टीने काही फायलीच. त्या सामाईक साठ्यात ठेवल्या, तर एक यंत्र बंद पडताच दुसरे यंत्र त्या उघडून तोच संगणक पुन्हा सुरू करू शकते.

मात्र त्यासाठी दुसऱ्या यंत्रात जागा हवी! समजा, तीन सारख्या यंत्रांवर प्रत्येकी दहा आभासी संगणक आहेत. एक यंत्र बंद पडले, तर उरलेल्या दोघांवर प्रत्येकी पंधरांचा भार येईल. म्हणून एरवी प्रत्येक यंत्र दोन-तृतीयांशापेक्षा अधिक भरून चालत नाही.

आणखी एक गोष्ट. विहिरीवर दोन मोटारी बसविल्या, पण वीज एकाच डीपीवरून घेतली, तर डीपी जळताच दोन्ही मोटारी बंद! तसेच यंत्रे तीन, पण साठा एकच असला, तर साठा बिघडताच तिन्ही यंत्रे निरुपयोगी. म्हणून साठा, वीज, जोडणी, सारेच दुहेरी हवे.

दोष शोधण्याचीही पद्धत आहे. शेजारच्या गावातील केंद्र चालू आहे का? असेल, तर दोष बहुधा आपल्याच जोडणीत. नसेल, तर पुढे एकेक पायरी तपासायची: जोडणी, आभासी संगणक, यंत्र, साठा.

सर्व्हर ९९.९ टक्के वेळ चालू असेल, तर तो वर्षात किती तास बंद राहील? वर्षाचे तास ८,७६०. उत्तर येते सुमारे पावणेनऊ तास. हे तास वर्षभर विखुरले, तर फारसे जाणवणार नाहीत. पण ते मुदतीच्या शेवटच्या दिवशीच आले तर? म्हणूनच पावसाळ्यापूर्वी शेताचे बांध तपासतात, तसे एखादे यंत्र मुद्दाम बंद करून ही सारी व्यवस्था आधीच तपासावी लागते.